जामीन कोण राहणार?

शिवाजी महाराजांच्या पायदळात भरती व्हायला आलेल्या मावळ्याला एक प्रश्न चुकत नसे: तुला जामीन कोण? ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही रीत नोंदवून ठेवली आहे. महाराज आलेला माणूस स्वतः पारखून घेत आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कुणाकडून तरी त्याच्या इमानाची व वागणुकीची हमी घेत. डफ हा लष्करी पेशाचा, साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला माणूस. भाबडेपणाने लिहिणारा नव्हे. ही हमी पुष्कळदा नावापुरतीच असणार, कारण वेळ आली की हमीदाराला अंग काढून घेणे सोपे होते, असा शेरा त्याने तिथल्या तिथे मारला आहे. तरीही महाराजांच्या हुकुमांत जामिनाची अट कधी सुटत नसे, हेही तोच सांगतो. याचा परिणाम असा, की फौजेतला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी वागण्याला बांधलेला राही.

हुद्दा वाढला की जामीनही वजनदार लागे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत किल्ल्यांवरच्या नेमणुकांचा बंदोबस्त आला आहे. हवालदार आणि सरनोबत चांगल्या घराण्यातले मराठे असावेत, आणि त्यांना हुजुरातल्या कुणीतरी जामीन राहिल्यावरच नेमावे. सबनीस ब्राह्मण, तोही हुजूरच्या ओळखीतला. कारखानीस प्रभू. गडाचे दरवाजे आणि त्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. त्या एकट्याच्या भरवशावर किल्ला राहू नये म्हणून तीन जातींचे अधिकारी एकमेकांच्या डोळ्यांसमोर ठेवलेले. साध्या शिपायाला जोडीदाराची हमी पुरे, किल्ल्या सांभाळणाऱ्याला मात्र दरबारातल्या माणसाची. नोकरीआधीच्या चौकशीचे निरनिराळे स्तर म्हणून आज कंपन्यांची मनुष्यबळ खाती जे तक्ते दाखवतात, त्यांचा हा मराठी पूर्वज म्हणायला हरकत नाही.

जामिनाचेही प्रकार होते. हाजिर जामीन म्हणजे माणूस बोलावल्यावर हजर राहील याची हमी. माल जामीन म्हणजे त्याच्याकडून पैशाची तूट आली तर ती भरून देण्याची. आणि फैल जामीन म्हणजे त्याच्या वर्तनाची. थोडक्यात, पळून जाणार नाही ना, खाणार नाही ना आणि नीट वागेल ना, हे तीन प्रश्न तीन वेगळ्या गळ्यांत अडकवलेले असत. उत्तर पेशवाईत महसूल गोळा करणाऱ्या कमाविसदाराच्या बाबतीत सरकारने तोंडी भरवशावर फारसे विसंबून राहणेही सोडले. वसुलीचा काही भाग रसद म्हणून आगाऊच घेतला जाई. ज्याच्या हाती महसूल द्यायचा त्याचेच पैसे आधी अडकवून ठेवायचे, याहून पक्की पडताळणी ती कोणती!

या पद्धतीची थोरवी गाताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. जामीन मिळायला ओळख लागते, आणि ओळख जन्माने मिळते. ज्याच्या घराण्याला कुणी विचारत नाही, गावकुसाबाहेर ज्याचे बिऱ्हाड, किंवा जो दुष्काळात देशोधडीला लागून परमुलखात आला, त्याच्यासाठी कोण उभा राहणार? पण एक गोष्ट तिच्यात होती, ती पुढच्या एकाही व्यवस्थेत पुरती उतरली नाही. ‘हा माणूस चांगला आहे’ असे सांगणाऱ्यालाच त्या शब्दांची किंमत मोजावी लागे.

मुंबईत ही साखळी तुटली. कंपनी सरकारच्या बंदरात उतरलेल्या साहेबाला ना गाव ठाऊक, ना घराणे. त्याला बटलर हवा, आचारी हवा, हमाल हवा, आणि त्यांच्याबद्दल विचारायचे तर कुणाला? मग आधीच्या साहेबाने लिहून दिलेली चिठ्ठी हीच माणसाची ओळख झाली. गोव्याकडचे स्वयंपाकी आणि बटलर अशा चिठ्ठ्यांचा जुडगा कापडात गुंडाळून जपत. चिठ्ठी इंग्रजीत, आणि नोकराला बहुधा इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे ‘हा पक्का लबाड आहे, याला ठेवू नका’ असे लिहिलेला कागद मोठ्या अभिमानाने पुढे करणाऱ्या नोकरांचे किस्से त्या काळच्या अँग्लो-इंडियन लिखाणात चवीने सांगितलेले आढळतात. उलट बाजूही होती. चिठ्ठ्या उसन्या मिळत, भाड्याने मिळत, मेलेल्या नातेवाइकाच्या नावावरच्या चालवल्या जात. साहेब त्यावर चिडत, पण हा रोग काही हिंदुस्थानी नव्हता. खुद्द इंग्लंडात नोकरांच्या खोट्या शिफारशींचा इतका सुळसुळाट झाला, की १७९२ साली पार्लमेंटला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. खोटे प्रशस्तिपत्र देणाऱ्याला वीस पौंड दंड. हा कायदा कागदोपत्री २००८ पर्यंत जिवंत होता.

सरकारी तिजोरीशी संबंध आला की मात्र इंग्रजांना चिठ्ठी पुरेना. १८५० च्या बाराव्या कायद्याने सरकारी पैसा हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांकडून तारण घेणे बंधनकारक केले. हा माल जामीनच. फरक एवढाच, की आता तो माणसाऐवजी रोख्यांवर उभा होता. खेड्यातल्या टपाल कार्यालयाचा शाखा डाकपाल आजही रुजू होताना तारण देतो, ते याच वळणाचे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि नोकरीच्या बाजारात आणखी एक कागद आला. परीक्षेचा दाखला माणसाची हुशारी सांगे. मॅट्रिकचा दाखला त्याचे वयही ठरवू लागला. त्याच्या खालच्या पायरीवर शाळा सोडल्याचा दाखला. त्यात आजतागायत एक रकाना असतो: वर्तणूक. आणि त्यात पिढ्यानपिढ्या एकच शब्द लिहिला जातो: ‘चांगली’. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर दगड ठेवणाऱ्या पोरालाही ‘चांगली’ आणि पहिल्या बाकावरच्या स्कॉलरलाही ‘चांगली’. महाराष्ट्रातला हा बहुधा सर्वाधिक छापला गेलेला आणि सर्वात कमी वाचला गेलेला चारित्र्याचा दाखला असावा.

गिरण्यांनी कागदाची भानगडच ठेवली नाही. कावसजी दावरांची गिरणी १८५४ मध्ये उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचा चेहरा पालटला. इतकी माणसे कोण पारखणार? ते काम जॉबरकडे गेले. साताऱ्याचा, रत्नागिरीचा जॉबर आपल्याच पट्ट्यातली पोरे आणी, त्यांना खोलीवर जागा बघून देई, उधारी मिळवून देई आणि सकाळी खात्यात उभे करी. पोरगा पळाला किंवा मशीन मोडले, तर मालक जॉबरला धरी. म्हणजे हाजिर जामीन पुन्हा अवतरला होता, पण या जामिनाचा दर होता. त्याला दस्तुरी म्हणत. नोकरी लावण्याची दस्तुरी, टिकवण्याची दस्तुरी, रजेवरून परत घेण्याची दस्तुरी. व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्ड देण्याची योजना आणली: ज्याच्याकडे कार्ड, त्यालाच बदलीचे काम. जॉबरचा शब्द जाऊन गिरणीचा कागद यावा हा हेतू. जॉबर काही लगेच गेला नाही. कार्ड कुणाला द्यायचे, हे विचारायला लोक त्याच्याकडेच जात.

कोकणात मात्र चारित्र्याचा एक कागद घराघरांत ठाऊक होता. रत्नागिरी, दापोली, राजापूरकडचे खलाशी आणि गोव्याचे सलूनमधले वाढपी-स्वयंपाकी इंग्रजी बोटींवर जात. त्यांच्या कामाची नोंद ज्या पुस्तिकेत होई तिला खलाशांच्या बोलीत नली म्हणतात. एका फेरीला एक ओळ: बोटीचे नाव, कुठे आणि कधी चढला, कोणत्या कामावर होता, कुठे उतरला. शेवटी दोन शेरे, एक कामाबद्दल आणि एक वर्तनाबद्दल. शेरा म्हणजे बहुधा ठसा, आणि ठसा ‘व्हेरी गुड’चा. मायन्याने तो उत्तम असला तरी प्रत्यक्षात ती किमान पात्रता होती. नुसते ‘गुड’ पडले तरी पुढचा कप्तान भुवई उंचावे. सर्वात भीतीचा शेरा होता ‘डिक्लाइन टू रिपोर्ट’, म्हणजे अभिप्राय देण्यास नकार. त्यात आरोप नाही, पुरावा नाही, साधा वाईट शब्दही नाही. कप्तानाने तोंड मिटून घेतले एवढेच. पण त्या एका ठशाने माणूस वर्षानुवर्षे गोदीच्या दारात बसून राही. पुस्तिका फेकून द्यावी, तर आधीच्या सगळ्या फेऱ्यांचे पुण्यही तिच्याबरोबर जाणार.

या सगळ्या व्यवहारात सारंग होताच. गिरणीत जो जॉबर, तोच बोटीवर सारंग. त्याच्याच गावातले, त्याच्याच नात्यातले खलाशी. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गावोगावचे कूड होते. एका गावच्या माणसांनी एकत्र राहण्याची ही घरे. तिथे कोण कसा वागतो, कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणाला दारू चढते, याची खबर बोट लागण्याआधी गावी पोचलेली असे. नलीतला ठसा साहेबासाठी. गावाची पडताळणी कुडात होई.

माणूस खोटे बोलतो, कागद उसना मिळतो, मग न बदलणारे काय आहे? हा प्रश्न बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या सनदी अधिकाऱ्याला पडला. २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूरला रस्त्यासाठी खडीसारखा माल पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याने सहीऐवजी अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. शाई शिक्क्याची. हेतू शास्त्रीय नव्हता, धाक घालण्याचा होता. पुढे करार नाकारायची त्याची छाती होऊ नये. मग हर्शेलला या खेळाचा छंदच लागला. १८७७ मध्ये हुगळीत त्याने पेन्शनरांचे ठसे घेणे सुरू केले, कारण मेलेल्या पेन्शनरांच्या नावाने पैसे उचलले जात असल्याचा संशय होता. २० वर्षांनी, १८९७ मध्ये, कलकत्त्यात ठशांचे पहिले कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करून हजारोंतून एक कागद काढता येईल अशी रीत ज्या दोघांनी बसवली, ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. नाव मात्र त्यांच्या वरिष्ठाचे, एडवर्ड हेन्रीचे लागले. १९०१ मध्ये हेन्री लंडनला स्कॉटलंड यार्डात गेला आणि ती पद्धत त्याच्याबरोबर जगभर पसरली.

ठशाने एक मोठा बदल केला, तो तांत्रिक नव्हता. आतापर्यंत चौकशी म्हणजे ‘हा कसा आहे?’ आता ती ‘याच्यावर आधी काही आहे का?’ अशी झाली. आणि नोंद एकदा पोलिसांच्या कपाटात गेली, की ती माणसाच्या मागे आयुष्यभर चालत राहते.

काहींच्या बाबतीत तर नोंद जन्माआधीच झालेली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल पक्का झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात आणि ठरल्या वेळी परत येऊन हजेरी देत. विरोधाभास असा, की गिरणीला या कामगारांची वेगळी चौकशी करावी लागत नसे. सरकारनेच त्यांना कोंडून ठेवलेले. याहून मोठा हाजिर जामीन मालकाला कुठला मिळणार होता? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपण गेले, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलीस ठाण्यातल्या याद्या नव्या नावाने सुरू राहिल्या. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पांढरपेशा वाचकाला पहिल्यांदाच जवळून कळले, की जातीच्या नावासकट आलेल्या या शिक्क्यासमोर चारित्र्याचा कुठलाही दाखला चालत नाही.

स्वातंत्र्याने पडताळणी कमी झाली नाही. संशयाचा विषय बदलला. इंग्रजांच्या काळात काँग्रेसवाल्याचे नाव यादीत असे. १९४९ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने रेल्वे नोकरांसाठी राष्ट्रीय सुरक्षेचे नियम काढले आणि कम्युनिस्ट असल्याच्या रास्त संशयावरून माणसे घरी बसवता येऊ लागली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काही कर्मचाऱ्यांनी याविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात दाद मागितली. तिथे हरले, सर्वोच्च न्यायालयातही हरले. हे नियम वैध ठरले. पुढे मध्य प्रदेशात एका शिक्षकाची गोष्ट उलट्या दिशेने घडली. त्याची शाळा सरकारने ताब्यात घेतली, तो सरकारी नोकर झाला, आणि मग पोलिसांचा अहवाल आला की हा पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असे. त्याला काढले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारला चांगलेच सुनावले: एखाद्याची जुनी राजकीय मते पोलिसांकडून काढवून त्यावर त्याची भाकरी ठरवणे घटनेत बसत नाही. विशेष म्हणजे रेड्डी काही संघाच्या जवळचे नव्हते.

सरकारी नोकरी मिळालेल्या तरुणाच्या हाती आज जो साक्षांकन नमुना पडतो, त्यात हा सगळा इतिहास थरांनी साचलेला दिसतो. नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव. गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त काळ कुठे कुठे राहिलात, तारखांसकट. मग प्रश्नांची ती लांबलचक साखळी: कधी अटक झाली होती का, खटला चालला का, स्थानबद्धता, दंड, शिक्षा, चांगल्या वर्तनाचे बंधपत्र, विद्यापीठाने परीक्षेला बसण्यास मनाई केली होती का. वरच्या बाजूला इशारा छापलेला, की माहिती खोटी दिली किंवा लपवली तर नोकरीला अपात्र. आणि शेवटाकडे एक रकाना असतो: तुम्हाला ओळखणाऱ्या, तुमच्या भागातल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे. हा जुना जामीनच, पण दात काढलेला. या दोघांवर कसलीही जबाबदारी नाही. बहुतेक वेळा एक शेजारचे निवृत्त गुरुजी असतात आणि दुसरे आमदारांच्या ओळखीतले कुणी. चौकशीला आलेला हवालदार चहा घेतो, दोन प्रश्न विचारतो, अहवाल विशेष शाखेकडे जातो.

महाराष्ट्रात आरक्षित जागेवर निवड झालेल्यांना आणखी एक चाळणी असते, जात पडताळणीची. ती चारित्र्याची नसली तरी नोकरीआधीच्या चौकशीत सर्वात खोल जाणारी तीच. १९९४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्या आणि पोलीस अधिकाऱ्यांची दक्षता पथके नेमण्याची पद्धत आखून दिली. पथकाने मूळ गावी जायचे, आजोबा-पणजोबांचे शाळेतले दाखले काढायचे, आणि आदिवासी जमातींच्या बाबतीत कुलदैवत, लग्नाच्या रीती, मृत्यूनंतरचे विधी हेसुद्धा विचारायचे. राज्याचा कायदा २००१ पासून लागू झाला. खोटे दाखले पकडले गेले, हे खरेच. पण शहरात वाढलेल्या मुलाला जमातीचे विधी सांगता आले नाहीत म्हणून त्याचा दावा संशयास्पद ठरवणे, हा अन्यायही घडत राहिला. असे प्रश्न म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करायला २०२३ उजाडले.

खाजगी क्षेत्राची झोप उडाली ती पुण्यात. एप्रिल २००५ मध्ये इथल्या एका कॉल सेंटरमधल्या मुलांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून गोडीगुलाबीने पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे उघड झाले. पैशाच्या मानाने प्रकरण फार मोठे नव्हते, पण ते न्यूयॉर्क-लंडनच्या वृत्तपत्रांत गेले. ज्यांच्या हाती आमच्या खात्यांची माहिती आहे ती माणसे आहेत तरी कोण, असे तिकडचे ग्राहक विचारू लागले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, नॅसकॉमने राष्ट्रीय कौशल्य नोंदवही सुरू केली. इंजिनिअर मुले-मुली फोटो काढून आणि बोटांचे ठसे देऊन त्यात नाव घालू लागली. हुगळीच्या पेन्शनरांचा ठसा असा हिंजवडीपर्यंत आला.

आता आयटीतली पोरे एकमेकांना सहज विचारतात, ‘बीजीव्ही (म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन) क्लिअर झालं का?’ कंपनी हे काम बाहेरच्या संस्थेला देते आणि ती पैशाप्रमाणे खोलवर जाते. सर्वात स्वस्त तपासणीत ओळखपत्र आणि पत्ता. त्यावर पदवी खरी आहे का, हे विद्यापीठाला विचारणे. त्यावर आधीच्या कंपन्या, तारखा, पगार, सोडण्याचे कारण. मग न्यायालयांच्या संकेतस्थळांवर नावाचा शोध, पोलीस दाखला, बँकेत काम असेल तर कर्जफेडीचा इतिहास. वरच्या हुद्द्यांसाठी इतर कंपन्यांतली संचालकपदे आणि वृत्तपत्रांतले उल्लेखही. २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीला एकच कायम क्रमांक आल्यापासून मधले सहा महिने झाकणे किंवा एकाच वेळी दोन नोकऱ्या करणे अवघड झाले. हाजिर जामिनाचे काम आता पीएफचे पासबुक करते. सुरक्षारक्षकांसाठी तर २००५ च्या कायद्यानेच चारित्र्याची खातरजमा सक्तीची केली आहे.

अहवाल रंगांत येतो: हिरवा, पिवळा, लाल. पिवळा म्हणजे कुठेतरी मेळ बसत नाही किंवा पडताळता आले नाही. जुनी कंपनी बंद पडली, फोन उचलायला कुणी उरले नाही, तरी पिवळा. इथे खलाशाच्या ‘अभिप्राय देण्यास नकार’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही, तेव्हा कप्तान गप्प बसे, आता बंद कंपनी. नावाचा घोळ वेगळाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या न्यायालयांत ‘सुनील पाटील’ शोधा आणि किती निघतात ते बघा. त्यातला नेमका कोणता, हे ठरवणारी मुलगी दूरच्या कुठल्यातरी शहरात संगणकापुढे बसलेली असते आणि तिला दिवसाला ठरावीक प्रकरणे संपवायची असतात. तिची चूक झाली तर उमेदवाराची नोकरी जाते. तिच्या संस्थेला त्याबद्दल उमेदवाराला काही द्यावे लागत नाही.

लपवले तर काय आणि सांगितले तर काय, यावर न्यायालयांचेही मत हेलकावे खात आले आहे. २००३ मध्ये केंद्रीय विद्यालयातल्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाने सांगितले, की मी हिंदी माध्यमातून शिकलो, अर्जातला इंग्रजी प्रश्न मला नीट कळला नाही, म्हणून खटल्याची माहिती राहिली. न्यायालयाने ते मानले नाही. पदवीधर माणसाला एवढे कळायला हवे, असे म्हणून त्याची बडतर्फी कायम केली. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या बाबतीत न्यायमूर्ती काटजूंनी नेमके उलटे सांगितले. विशीतल्या पोराने मारामारीचे मिटलेले प्रकरण लपवले, ते नोकरी जाईल या भीतीने. त्याला जन्माचा गुन्हेगार ठरवू नका. निकालात त्यांनी व्हिक्टर ह्युगोच्या जाँ वालजाँची आठवण काढली. अखेर २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ प्रकरणे लपवली असतील तर नियोक्ता आपल्या अखत्यारीत ती माफ करू शकतो. गंभीर गुन्हा लपवला तर नियुक्ती रद्द करता येईल. आणि खरे सांगितले तरी नेमणूक द्यायलाच हवी असे नाही, तो निर्णय नियोक्त्याचा. बालवयातल्या गुन्ह्याची गोष्ट निराळी. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ नुसार त्यामुळे सर्वसाधारणपणे अपात्रता येत नाही.

राहता राहिला प्रश्न, की आपल्याबद्दल काय लिहिले गेले ते आपल्याला दिसणार का. खलाशाची नली निदान त्याच्याच हातात असे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवायही हाताळायला मालकाला मुभा दिली आहे. माहिती मागण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा अकराव्या-बाराव्या कलमातला हक्क मात्र संमती देऊन घेतलेल्या माहितीपुरता आहे. त्यामुळे नव्या नोकरीच्या कागदांत पडताळणीचे संमतिपत्र आले, तर ते कटकट समजून न वाचता सही करू नका. अहवालाची प्रत आपल्याला मिळेल, हे सही करण्याआधीच ईमेलवर लिहून घ्या, आणि जुनी केस असेल तर ती निकालाच्या प्रतीसह स्वतःच मांडा.